पदक आणि दप्तर

लढाईंत शौर्य गाजविणारा शिपाई आणि त्या शौर्याची नोंद करणारा कारकून यांची गांठ बहुधा कधींच पडत नाहीं. पहिला खंदकांत असतो, दुसरा मैल दोन मैल मागें एखाद्या तंबूंत टंकलेखन-यंत्रापुढें बसलेला असतो. तथापि पुढें पन्नास वर्षांनीं त्या शिपायाच्या छातीवर पदक दिसावें कीं नाहीं, हें दुसऱ्यानें त्या दिवशीं कोणता कागद कोणत्या फाइलींत घातला यावर अवलंबून राहतें.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दरवर्षीं हजारों माजी सैनिक लष्करी खात्याच्या दप्तर-दुरुस्ती मंडळांकडे अर्ज पाठवितात. त्यांत नाना तऱ्हेच्या मागण्या असतात. पण एक मागणी पुनःपुन्हां येते. अमुक लढाईंत आपण जखमी झालों होतों, अमुक कामगिरीबद्दल आपली शिफारस झाली होती, परंतु नोकरी सुटतांना हातीं आलेल्या दाखल्यावर त्या पदकाचें नांव नाहीं. तरी नोंद दुरुस्त करून मिळावी, अशा आशयाचा तो अर्ज असतो. अर्जदार पुष्कळदां सत्तरी-ऐंशी ओलांडलेला असतो. पदकाबरोबर बहुतेक वेळां एक पैहि यावयाची नसते. कित्येकदां नातवंडांनीं भिंतीवर लावावयाच्या चौकटीसाठीं विचारपूस केली, आणि तेव्हां कोठें आजोबांनीं तो दाखला पेटींतून काढून प्रथमच नीट वाचला, असाहि प्रकार घडतो. ही बाब वरवर पाहतां क्षुल्लक कारकुनीची वाटेल. पण तिचा इतिहास अमेरिकन प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे.

१७८२ सालच्या ऑगस्टच्या ७ तारखेस न्यूबर्ग येथील छावणींतून जनरल वॉशिंग्टन यानें एक हुकूम काढला. त्या काळीं यूरोपांत मानचिन्हें सेनापतींसाठीं आणि सरदारांसाठीं असत; साध्या शिपायास कोणी विचारीत नसे. इकडे वॉशिंग्टनपुढें निराळीच अडचण होती. काँग्रेसजवळ, म्हणजे तेथील विधिमंडळाजवळ, पैसा नव्हता, आणि गुणावर बढत्या देण्याची त्याला मुभा राहिली नव्हती. तेव्हां त्यानें जांभळ्या कापडाच्या हृदयाकृति तुकड्याचें एक चिन्ह ठरविलें. विशेष कामगिरी करणाऱ्या शिपायानें तें डाव्या छातीवर लावावें. पहारेकऱ्यांनीं त्याला अधिकाऱ्याप्रमाणें जाऊं-येऊं द्यावें. त्याच हुकुमांत एक कलम असें होतें कीं, ज्यास हें चिन्ह मिळेल त्याचें नांव व पलटण एका ‘गुणवंतांच्या वहींत’ लिहून ठेवावी. या चिन्हाचे आज निश्चित ठाऊक असलेले मानकरी तिघेच आहेत: सार्जंट एलायजा चर्चिल, सार्जंट विल्यम ब्राउन आणि सार्जंट डॅनियल बिसेल. तिघेहि कनेक्टिकटचे. आणखी कोणाला तें मिळालें होतें काय, याचें उत्तर देणारी ती वही मात्र कोठेंच सांपडली नाहीं. साध्या शिपायासाठीं काढलेल्या पहिल्याच मानचिन्हाचें दप्तर असें गहाळ झालें!

त्यानंतर पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लोटला आणि यादवी युद्ध पेटलें. १८६२ च्या जुलैमध्यें सैन्यासाठीं ‘मेडल ऑफ ऑनर’ स्थापन झालें. आज हें त्या देशांतील सर्वोच्च शौर्यपदक समजलें जातें. पण त्या वेळीं सैन्यांत दुसरें पदकच नसल्यामुळें तें फार सैल हातानें वाटलें गेलें. मेन संस्थानच्या २७ व्या पलटणीची हकीकत या बाबतींत प्रसिद्ध आहे. १८६३ च्या उन्हाळ्यांत जनरल ली पेनसिल्व्हेनियावर चालून आला, तेव्हां या पलटणीची नोकरीची मुदत संपत आली होती. राजधानीच्या रक्षणासाठीं जे थोडे दिवस अधिक राहतील त्यांना पदक मिळेल, असें युद्धमंत्र्यानें आश्वासन दिलें. सुमारें ३०० जण राहिले, बाकीचे घरीं गेले. राहिले कोण आणि गेले कोण, याची यादी कोणीं नीट ठेवली नाहीं. परिणामीं सगळ्या पलटणीच्या नांवें ८६४ पदकें तयार होऊन आलीं. न लढतां पदक मिळण्याचा हा विक्रम अद्याप अबाधित असावा.

दुसऱ्या बाजूला खरोखर लढलेले अनेक जण कोरडे राहिले होते. पुढें १८९० च्या दशकांत म्हातारे झालेले हे सैनिक स्वतःच युद्धखात्यास पत्रें लिहूं लागले. सगळींच मागणीपत्रें पोकळ नव्हतीं. गेटिसबर्गच्या लढाईंत १८६३ सालीं लिटल राउंड टॉप ही टेकडी राखणारा कर्नल जोशुआ चेंबरलेन याला पदक मिळालें तें १८९३ सालीं, म्हणजे तीस वर्षांनीं. परंतु पत्रांचा ओघ वाढला, तसा खात्याला संशय येऊं लागला. म्हणून १८९७ सालीं नियम झाला: अर्ज स्वतःचा स्वतः करावयाचा नाहीं, दुसऱ्यानें शिफारस करावी, डोळ्यांनीं पाहणाऱ्याची साक्ष असावी, आणि कृत्य घडल्यापासून वर्षाच्या आंत कागद यावा. पुढें मुदती बदलल्या, पण साक्षीदार, वरिष्ठाची शिफारस आणि ठराविक मुदत या तीन कड्या कायम राहिल्या. आजचा अर्जदार ज्या साखळीशीं झगडतो ती तेव्हां घडविली गेली.

हा कडकपणा मागील काळालाहि लावावयाचें काँग्रेसनें १९१६ सालीं ठरविलें. पांच निवृत्त सेनापतींचें एक मंडळ नेमलें गेलें. जनरल नेल्सन माइल्स हा त्याचा अध्यक्ष होता. मंडळानें १९१७ च्या फेब्रुवारींत ९११ नांवें यादींतून काढून टाकलीं. मेनच्या पलटणीचीं ८६४ त्यांतच गेलीं, आणि तीं जाणें योग्यच होतें. पण त्यांच्याबरोबर आणखी कांहीं नांवें गेलीं, त्यांत डॉ. मेरी वॉकर हें एक होतें. १८५५ सालीं वैद्यकीची पदवी मिळविलेली ही बाई यादवी युद्धांत ओहायोच्या ५२ व्या पलटणीबरोबर शस्त्रवैद्य म्हणून काम करीत होती. १८६४ च्या एप्रिलमध्यें ती दक्षिणेकडील सैन्याच्या हातीं लागली, रिचमंडच्या तुरुंगांत चार महिने राहिली, आणि पुढें कैद्यांच्या अदलाबदलींत सुटली. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यानें १८६५ सालीं तिला पदक दिलें होतें. मंडळाचा आक्षेप असा कीं, ती करारावरची डॉक्टर होती, सैन्याची सनदी अधिकारी नव्हती. स्त्रियांना सनद द्यावयाचीच नाहीं असा तेव्हांचा रिवाज. आणि सनद नाहीं म्हणून पदक परत! या तर्कशास्त्राचें उत्तर बाईंनीं तोंडानें फारसें दिलें नाहीं. त्यांनीं पदक परत करण्यास साफ नकार दिला आणि १९१९ सालीं मृत्यु येईपर्यंत तें छातीवर लावून त्या वावरल्या.

वॉशिंग्टनचें जांभळें हृदय पुन्हां प्रगट झालें तें त्याच्या जन्माच्या द्विशतसांवत्सरिक दिनीं, १९३२ च्या फेब्रुवारीच्या २२ तारखेस. जनरल मॅकार्थर तेव्हां सेनेचा मुख्य होता. ‘पर्पल हार्ट’ या नांवानें तें आतां धातूचें पदक झालें, आणि पुढें शत्रूच्या हातून जखमी झालेल्याचें चिन्ह म्हणून तें रूढ झालें. पहिल्या महायुद्धांतील जखमींनाहि तें मिळण्याची सोय होती. मात्र ज्याचा हक्क त्यानें स्वतः अर्ज करावा, अशी अट होती. अर्थात् ज्यास ही बातमी कळली त्यानें अर्ज केला. ज्यास कळली नाहीं, किंवा चौदा वर्षांमागील जखमेची वाच्यता करण्याची ज्यास इच्छा नव्हती, तो राहिला.

दुसऱ्या महायुद्धांत हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर झाली. वैमानिकांना त्यांचें स्वतंत्र पदक सढळपणें मिळत होतें, आणि चिखलांत लोळणाऱ्या पायदळाला कांहींच नव्हतें. सेनापति मार्शल यांनीं ही विषमता अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कानावर घातली, तेव्हां १९४४ च्या फेब्रुवारींत ‘ब्रॉन्झ स्टार’ निघाला. १९४७ सालीं असें ठरलें कीं, ज्या पायदळ-शिपायाला निळ्या जमिनीवर बंदूक असलेला लढाऊ बिल्ला युद्धकाळीं मिळाला असेल, त्याला आणि त्याच्याबरोबरच्या शुश्रूषा-पथकांतील बिल्लाधारकाला ब्रॉन्झ स्टारहि द्यावा. पुन्हां तीच अट: अर्ज करावा. परंतु १९४७ सालीं हे लोक शेतांत, कारखान्यांत किंवा महाविद्यालयांत गुंतलेले होते. सैन्याच्या परिपत्रकांशीं त्यांचा संबंध उरला नव्हता. कित्येकांना हा हक्क आपल्याला आहे हें पन्नास वर्षें ठाऊकच नव्हतें.

पदकाची नोंद म्हणजे केवळ मानाची गोष्ट, असेंहि नेहमीं नव्हतें. १९४५ च्या मे महिन्यांत यूरोपांतील युद्ध संपलें तेव्हां घरीं प्रथम कोणास पाठवावयाचें हें ठरविण्यासाठीं गुणांची पद्धति होती. नोकरीच्या दर महिन्याला एक गुण, परदेशांतील दर महिन्याला आणखी एक, अठरा वर्षांखालील मुलामागें बारा (तीन मुलांपर्यंत), आणि प्रत्येक पदकाला पांच. ८५ गुण भरले कीं घरचा रस्ता खुला. ज्याची जखम किंवा शिफारस कागदावर चढली नव्हती त्याला ते पांच गुण मिळत नव्हते, आणि आपली पलटण आतां पॅसिफिककडे जाणार कीं काय, या काळजींत तो पडे. पुढें सुटकेचा वेग वाढल्यावर केंद्रांवर रांगा लागल्या. कारकून एका पानाचा दाखला भरी. शिपाई गाडी पकडावयाच्या घाईंत खालीं सही करी. आज मंडळापुढें येणाऱ्या त्या युद्धाच्या प्रकरणांत अशा घाईच्या सह्यांचा वांटा मोठा आहे.

चूक झालीच तर ती दुरुस्त करावयास १९४६ पर्यंत सोपा मार्ग नव्हता. आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीस गांठावें, त्यानें त्या एका माणसापुरतें खासगी विधेयक आणावें, आणि तें दोन्ही सभागृहांत मंजूर व्हावें! शेंकडों लहान लहान विधेयकांनीं काँग्रेस कंटाळली. २ ऑगस्ट १९४६ च्या कायद्यानें तिनें अशा खासगी विधेयकांना बंदी केली, आणि तें काम लष्करी खात्यांच्या मंत्र्यांकडे सोंपविलें. मंत्र्यांनीं हें काम मुलकी अधिकाऱ्यांच्या मंडळांमार्फत करावें. नोंदींत चूक असेल किंवा अन्याय असेल तर ती दुरुस्त करावी, असें ठरलें. ‘अन्याय’ हा शब्द कायद्यांत आला ही मोठीच गोष्ट. कारण नोंद नियमाप्रमाणें अचूक असूनहि अन्याय्य असूं शकते, हें त्यानें मान्य केलें.

मेरी वॉकर यांचें प्रकरण याच दारानें आंत आलें. वंशजांच्या प्रयत्नानें तें सैन्याच्या मंडळापुढें गेलें, मंडळानें शिफारस केली, आणि १९७७ च्या जूनमध्यें त्यांचें नांव यादींत परत घातलें गेलें. मेडल ऑफ ऑनर मिळालेली ती आजवरची एकमेव स्त्री. १९८९ सालीं ‘बफेलो बिल’ कोडी आणि आणखी चार मुलकी वाटाड्ये यांचीं नांवेंहि अशींच परत आलीं. मेनच्या ८६४ जणांसाठीं मात्र कोणीं दार ठोठावलें नाहीं.

येथवरची कथा माणसांच्या हलगर्जीची किंवा हट्टाची झाली. १९७३ सालीं अग्नीनें तींत हात घातला. अमेरिकन सैन्यांतून सुटलेल्या माणसांचीं दप्तरें मिसूरी संस्थानांत सेंट लुइस शहराजवळ ओव्हरलँड येथें एका प्रचंड सहामजली इमारतींत ठेवलेलीं होतीं. इमारत १९५६ सालची. तिचा शिल्पकार मिनोरू यामासाकी, ज्यानें पुढें न्यूयॉर्कचे दोन जुळे मनोरे उभारले. इमारत बांधतांना छतांत पाण्याच्या आपोआप उडणाऱ्या तोट्या बसवाव्यात कीं नाहींत, असा प्रश्न निघाला होता. तोटी चुकून फुटली तर कागद भिजतील, या भीतीनें दप्तरांच्या मजल्यांवर त्या बसविल्या गेल्या नाहींत. पाण्याच्या भीतीनें आगीला वाट मोकळी ठेवली, असेंच म्हटलें पाहिजे.

१२ जुलै १९७३ रोजीं मध्यरात्र उलटतांच सहाव्या मजल्यावर आग लागली. ती कशानें लागली, हें निश्चित ठरलें नाहीं. बावीस तास ती आटोक्यांत आली नाहीं, आणि पूर्ण विझली असें जाहीर होण्यास चार दिवस लागले. १६० ते १८० लाख माणसांचीं दप्तरें त्यांत गेलीं. १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळांत सैन्यांतून सुटलेल्यांपैकीं सुमारें ८० टक्के लोकांचे कागद जळाले. विमानदलांतून १९४७ ते १९६३ या काळांत सुटलेल्यांपैकीं, हबर्ड या आडनांवाच्या पुढील वर्णानुक्रमांतल्या, सुमारें ७५ टक्क्यांचे. दुसरी प्रत नव्हती. सूक्ष्म छायाचित्रें घेतलेलीं नव्हतीं. अनुक्रमणिकाहि नव्हती, सबब नेमकें काय गेलें हें सांगणारा कागदहि उरला नाहीं. ज्यांचीं नांवें वर्णानुक्रमांत हबर्डच्या आधीं येत होतीं ते वैमानिक बचावले, हा दैवाचा खेळच.

खालच्या मजल्यांवर पाण्याचा पूर लोटला होता. भिजलेले खोके सुकविण्यासाठीं जवळच्या मॅकडोनेल डग्लस या विमान-कारखान्यांतील निर्वात-कोठडी वापरली गेली. अंतराळयानांच्या परीक्षेसाठीं बांधलेल्या या कोठडींत आतां शिपायांचे बुरसटलेले कागद ठेवले गेले. सुमारें ६५ लाख दप्तरें कमी-अधिक अवस्थेंत हातीं आलीं. कांहींच्या कडा जळून काळ्या पडल्या आहेत आणि मधल्या ओळी तेवढ्या शाबूत आहेत. असा कागद हातांत घेणाऱ्या दप्तरदाराला अर्जदाराचें नांव सांपडतें, जन्मदिनांक सांपडतो, पण पदकांचा रकाना ज्या कोपऱ्यांत असतो तो कोपराच नसतो.

तेव्हांपासून तेथील दप्तरदार आडवाटेनें पुरावा जमवितात. पगाराचे जुने हिशोब दुसऱ्या खात्याकडे होते, त्यांवरून माणूस कोणत्या दिवसापर्यंत नोकरींत होता हें कळतें. प्रत्येक तुकडीचा ‘सकाळचा जबाब’ म्हणून रोजचा एक तक्ता असे. आज कोण हजर, कोण जखमी, कोण रुग्णालयांत, हें त्यांत लिहिलेलें असे. माजी सैनिकांच्या कल्याणखात्याकडील अर्ज, संस्थानांनीं दिलेल्या युद्ध-बक्षिसीच्या मागण्या, पलटणीचे छापील हुकूम, असे सर्व कागद एकत्र लावले जातात. १९८८ सालीं रुग्णालयांत दाखल झालेल्या सैनिकांच्या लाखों नोंदी असलेल्या गणक-यंत्राच्या फिती मिळाल्या. त्यांत नांवें नव्हतीं, फक्त शिपायांचे क्रमांक होते. ज्याला आपला क्रमांक आठवत होता त्याची जखम अशी पन्नास वर्षांनीं सिद्ध झाली.

मंडळापुढें मात्र पुराव्याचा भार अर्जदारावरच असतो. सरकारी नोंद बरोबर आहे असें गृहीत धरलें जातें. ती चूक आहे हें दाखवावयाचें काम म्हाताऱ्या शिपायाचें. चूक लक्षांत आल्यापासून तीन वर्षांत अर्ज यावा, अशीहि मुदत आहे; ती न्यायासाठीं माफ करतां येते. या कडकपणाला अर्थ नाहीं असें नाहीं. मेनच्या पलटणीचें उदाहरण समोर असतां मंडळानें केवळ शब्दावर पदकें वाटूं नयेत, हें कोणासहि पटेल. परंतु दप्तर सरकारनें सांभाळावयाचें, तें सरकारच्या इमारतींत जळावयाचें, आणि त्याच्या अभावाचा तोटा मात्र शिपायानें सोसावयाचा, हा हिशोब सरळ म्हणतां येत नाहीं.

आगीशिवायहि एखादी नोंद कशी हरवते हें हेन्री जॉन्सन याच्या चरित्रावरून दिसतें. न्यूयॉर्क संस्थानांतील ऑल्बनीच्या स्थानकावर हमाली करणारा हा कृष्णवर्णी तरुण पहिल्या महायुद्धांत ३६९ व्या पलटणींत होता. गोऱ्या अमेरिकन पलटणींबरोबर या लोकांना लढूं द्यावयाचें नव्हतें, म्हणून ही पलटण फ्रेंच सेनेच्या हवालीं केली होती. १५ मे १९१८ च्या पहांटेपूर्वीं आर्गॉनच्या रानाजवळ जॉन्सन आणि नीडहॅम रॉबर्ट्स हे पहाऱ्यावर असतांना निदान बारा जर्मनांची टोळी त्यांच्यावर आली. रॉबर्ट्स जखमी होऊन पडला. जर्मन त्याला ओढून नेऊं लागले. जॉन्सनची बंदूक अडकली, तेव्हां त्यानें तिचा दस्ता चालविला. शेवटीं कोयत्यासारख्या एका सुऱ्यानें त्यानें टोळी परतविली आणि सोबत्याला सोडविलें. त्याच्या अंगावर २१ जखमा होत्या. फ्रान्सनें त्याला ‘क्र्वा द गेर’ हें मोठें पदक दिलें. स्वदेशानें कांहीं दिलें नाहीं, आणि नोकरी सुटल्याच्या त्याच्या कागदावर त्या २१ जखमांचा उल्लेखहि केला नाहीं. १९२९ सालीं तो वारला.

त्याला पर्पल हार्ट मिळालें १९९६ सालीं. तो एखाद्या बेवारशी थडग्यांत पुरला गेला असावा, असें पुष्कळ वर्षें मानलें जात होतें. २००२ सालीं उघड झालें कीं, तो आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमींत, लष्करी मानानें, ‘विल्यम हेन्री जॉन्सन’ या नांवाखालीं निजला आहे. त्याच सालीं त्याला ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस’ मिळाला. सर्वोच्च पदकाची मागणी मात्र कागदांच्या अभावीं अडली होती. पुढें जनरल पर्शिंग याचें १९१८ च्या मे महिन्यांतील एक पत्रक जुन्या लष्करी कागदांत हातीं लागलें. त्यांत सरसेनापतीनें जॉन्सन आणि रॉबर्ट्स यांच्या पराक्रमाचा उल्लेख केलेला होता. म्हणजे समकालीन वरिष्ठाची साक्ष ९० हून अधिक वर्षें सरकारी दप्तरांतच पडून होती. काँग्रेसनें मुदतीची अट शिथिल केली, आणि २ जून २०१५ रोजीं अध्यक्ष ओबामा यांनीं मेडल ऑफ ऑनर दिलें. तें घ्यावयास रक्ताचा एकहि निश्चित वारस उरला नव्हता. न्यूयॉर्कच्या राष्ट्रीय रक्षक-दलाच्या एका सार्जंटनें तें स्वीकारलें.

गार्लिन कॉनर याच्या बाबतींत दप्तर जळालें नाहीं, हरवलेंहि नाहीं. तें अपुरें राहिलें. हा केंटकी संस्थानांतील क्लिंटन परगण्याचा शेतकरी. दुसऱ्या महायुद्धांत तो तिसऱ्या पायदळ-डिव्हिजनमध्यें होता. २४ जानेवारी १९४५ रोजीं फ्रान्सच्या पूर्व सरहद्दीकडे कोल्मार शहराजवळ उसें (हाउसेन) गांवापाशीं सहा जर्मन रणगाडे व सुमारें ६०० शिपाई यांनीं हल्ला चढविला. लेफ्टनंट कॉनर टेलिफोन आणि तारेचें रीळ घेऊन तोफांच्या माऱ्यांतून ४०० यार्ड धांवत पुढें गेला, आपल्या फळीच्याहि ३० यार्ड पलीकडे एका उथळ चरांत पडून राहिला, आणि तीन तास तेथून आपल्या तोफखान्यास नेम सांगत राहिला. जर्मन त्याच्या अंगावर येऊन ठेपले, तेव्हां त्यानें स्वतःच्याच जागेवर मारा करावयास सांगितलें. हल्ला मोडला. त्याला डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला, जो दुसऱ्या क्रमांकाचा मान आहे.

दोनच दिवसांनीं, २६ जानेवारीस, तेथून जवळच होल्ट्सविर येथें त्याच डिव्हिजनमधील ऑडी मर्फी या तरुण लेफ्टनंटनें पेटलेल्या रणगाडा-विध्वंसकावर उभें राहून असाच टेलिफोनवरून तोफखाना चालविला. मर्फीला मेडल ऑफ ऑनर त्याच वर्षीं मिळालें. पुढें तो चित्रपटांतील नट झाला आणि त्याचें नांव घरोघर पोंचलें. कॉनर तंबाखूच्या शेतावर परतला. पदकें एका पिशवींत गेलीं, आणि युद्धाविषयीं घरांत बोलणें निघेनासें झालें.

१९९६ सालीं विस्कॉन्सिनमधील एक निवृत्त सैनिक आपल्या मृत काकांची माहिती शोधीत कॉनरच्या दारीं आला. काका कॉनरच्या पलटणींत होता. कॉनरची प्रकृति फार ढासळली होती. पत्नीनें कागद बाहेर काढले, आणि तो शोधक काकाची गोष्ट बाजूला ठेवून कॉनरच्याच मागें लागला. १९९७ सालीं सैन्याच्या मंडळाकडे अर्ज गेला, नाकारला गेला. १९९८ सालीं कॉनर वारला. पुन्हां अर्ज झाला, पुन्हां नकार. त्याचा जुना बटालियन-प्रमुख लॉइड रॅम्झी पुढें मेजर जनरल होऊन निवृत्त झालेला होता. त्यानें पाठिंबा दिला. २००६ सालीं त्या दिवशीं रणांगणावर असलेल्या तिघांचीं प्रतिज्ञापत्रें हातीं आलीं. २००८ सालीं विधवेनें तीं मंडळापुढें ठेवलीं. मंडळाचें म्हणणें, उशीर झाला. प्रकरण संघराज्याच्या न्यायालयांत गेलें. २०१४ सालीं तेथील न्यायाधीशानें शौर्याविषयीं शंका घेतली नाहीं. परंतु कायद्यानें ठरविलेली मुदत उलटून गेल्यामुळें आपले हात बांधलेले आहेत, असा निकाल दिला.

येथेंच सगळें संपावयाचें. पण वरच्या न्यायालयांत समेटाची बोलणीं झालीं, आणि प्रकरण मंडळाकडे परत आलें. तीं तीन प्रतिज्ञापत्रें या वेळीं गुणदोषांवर वाचलीं गेलीं, आणि ऑक्टोबर २०१५ मध्यें मंडळानें अनुकूल मत दिलें. त्यानंतरहि लष्करी खात्याच्या पायऱ्या, काँग्रेसची मुदतमाफी आणि अध्यक्षांची सही हें सर्व व्हावयास जवळ जवळ तीन वर्षें लागलीं. २६ जून २०१८ रोजीं वॉशिंग्टन येथें अध्यक्षांच्या हस्तें मेडल ऑफ ऑनर कॉनरच्या वृद्ध पत्नीच्या हातीं देण्यांत आलें. पहिल्या अर्जापासून एकवीस वर्षें, आणि त्या चरांतील तीन तासांपासून त्र्याहत्तर वर्षें लोटलीं होतीं.